खडवलीचा तलाठी

माझी एक थाप नागपूरच्या विधानसभेत बोलली गेली. बोलणाऱ्या बाई विरोधी पक्षाच्या आमदार होत्या, संचिता टिपणीस, आणि त्यांचा यात तसूभर दोष नाही. त्यांनी ती खरी मानून मांडली. थाप माझी होती. ठाकुर्लीला, आमच्या सोसायटीच्या ऑफिसात, प्लास्टिकच्या खुर्चीत बसून मी ती तयार केली. समोरचा चहा थंड व्हायच्या आत.

मी मधुसूदन गुप्ते. लोक मधुकाका म्हणतात. भूमी अभिलेखात मोजणीदार होतो, छत्तीस वर्षं. कळव्यापासून कसाऱ्यापर्यंत असं शेत नाही की ज्याच्या बांधावर मी साखळी ओढली नाही. मोजणीच्या कामात वीतभर खोटं बोललं तरी दोन सख्खे भाऊ कोयते घेऊन उभे राहतात. त्यामुळे दिवसभर खरं बोलून बोलून माझं तोंड आंबायचं. संध्याकाळी घरी येऊन मी ते वासंतीसमोर मोकळं करायचो. मुरबाडला वादातलं आंब्याचं झाड रात्रीत तीन हात सरकून आपल्या खऱ्या मालकाच्या बाजूला कसं गेलं. कळव्याच्या खाडीत भरतीच्या वेळी माशांनी साखळीचं दुसरं टोक तोंडात धरून पलीकडे कसं पोहोचवलं. वासंती तांदूळ निवडत असायची. खडा दिसला की बाजूला, थाप दिसली की तीही बाजूला. एका शब्दावर तिचा कधी विश्वास बसला नाही. पण मी थांबलो की मान वर न करता म्हणायची, "मग?"

त्या एका शब्दावर मी छत्तीस वर्षं बोललो. सहा वर्षांपूर्वी ती गेली. मूलबाळ आम्हाला नाही. सोसायटीच्या टाकीखालच्या बाकावर आम्ही चार म्हातारे बसायचो. त्यातले दोघे वर गेले आणि एक पुण्याला मुलीकडे गेला. माझ्या मते तोही वर गेल्यासारखाच. राहिलो मी आणि तलाठी.

तलाठी म्हणजे कुत्रा. तपकिरी, कपाळावर पांढरा टिळा. तीन वर्षं आठ महिन्यांपूर्वी पंपाच्या खोलीमागे सापडला, तेव्हा डोळेही धड उघडले नव्हते. आई गाडीखाली गेलेली. मी त्याला कापसाची वात दुधात बुडवून पाजली. थोडा मोठा झाल्यावर तो सगळ्या इमारतींच्या कोपऱ्यांवर पाय वर करून सह्या करत फिरू लागला, आणि कुठलीही हद्द त्याच्या सहीशिवाय मंजूर होईना, म्हणून तलाठी. पुढे गाडी येऊन त्याची नसबंदी करून गेली, खूण म्हणून डाव्या कानाला खाच पाडून. तेव्हापासून मी बोलायला लागलो की त्याचा उजवा कान उभा राहायचा आणि डावा आडवा. "मग?" तो म्हणत नसे. पण उठूनही जात नसे, आणि या वयात तेवढ्यावर भागवावं लागतं.

आता ती थाप.

नोव्हेंबरात तळमजल्यावरच्या विनीतला मच्छी मार्केटजवळ कुत्रा चावला. पोटरी फाडली. पाच इंजेक्शनं झाली आणि त्याची मुलगी शाळेत जाताना हातात छत्री धरून जायला लागली, आभाळात ढग नसताना. कुत्रा दुसराच होता, काळा. पण माणसाला चावलेला कुत्रा सापडत नाही, तेव्हा जो सापडतो तो चावलेला ठरतो. संचिताताईंच्या ऑफिसने लोकांची गाऱ्हाणी ऐकायला त्यांचा पीए पाठवला. सिद्धेश नाव, पस्तिशीचा, मांडीवर लॅपटॉप. अधिवेशनात त्या प्रश्न मांडणार होत्या.

विनीत उठला आणि म्हणाला, "आधी काकांचा तलाठी हलवा. सुरुवात तिथून करा."

"अरे, त्याने तुला काय केलंय?"

"आज नाही केलं. उद्या करेल. काका, तुम्हाला पोर नाही, तुम्हाला नाही कळणार."

 मी रागावलो नाही, पण माझ्यातला मोजणीदार जागा झाला. आमच्या खात्यात एक साधा नियम आहे : जे हद्दीत नाही, त्याचा वाद हद्दीत चालत नाही. मी शांतपणे म्हटलं, "हलवणार कसा? तो इथला नाहीच. तो खडवलीचा आहे."

"खडवली?" सिद्धेशने मान वर केली. "मग, काका?"

सहा वर्षांनी तो शब्द माझ्या कानावर पडला. पोराला काय कल्पना, त्याने कसलं झाकण उघडलं.

मी सांगितलं की खडवलीहून रोज पहाटे चाळीस कुत्री निघतात. रुळाच्या कडेने, एकामागे एक, रांग न मोडता. लाल सिग्नल असला की थांबतात. काळू नदीच्या पुलावर म्हातारी कुत्री मध्ये घेतात, उल्हासच्या पुलावर पिल्लं. मंगळवारी टिटवाळ्याला तासभर मुक्काम, कारण त्या दिवशी देवळाबाहेर प्रसाद जास्त सांडतो. कल्याणला रांगेची वाटणी होते. दहा पत्रीपुलाकडे, दहा डोंबिवलीला, बाकी जिथे तिथे. या सगळ्यांचा मुकादम म्हणजे आमचा तलाठी. त्याची नेमणूक ठाकुर्ली पूर्वेला. दिवस संपला की परत खडवली.

बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. विनीतसुद्धा हसला. सिद्धेश मात्र टाइप करत होता, आणि मी त्याला थांबवलं नाही. तो दर दोन वाक्यांनी "मग?" म्हणत होता हो. कोण थांबवेल?

तीन आठवड्यांनी विनीतने मोबाइल माझ्यासमोर धरला. विधानसभेचं कामकाज चाललं होतं. संचिताताई उभ्या होत्या, हातात कागद.

"अध्यक्ष महोदय, शहरात नसबंदी झाली असं सरकार सांगतं. शेजारच्या ग्रामपंचायतींचं काय? त्यांच्याकडे ना डॉक्टर, ना लस. माझ्या मतदारसंघातल्या एका ज्येष्ठ नागरिकाने, जे स्वतः निवृत्त मोजणीदार आहेत, मला सांगितलं की खडवलीहून चाळीस कुत्र्यांचा कळप रोज शहरात येतो. हद्द नकाशावर असते, अध्यक्ष महोदय. कुत्र्याला नकाशा वाचता येत नाही."

टाळ्या पडल्या. सिग्नल आणि टिटवाळा त्यांनी गाळला होता. शहाणी बाई. समोरच्या बाकांवरून कोणीतरी ओरडलं, "त्या कुत्र्याचं नाव-गाव सांगा." आणि त्यांनी सांगितलं. रंग, टिळा, ठाकुर्ली पूर्व, सगळं. मंत्री उठले, हसू दाबत. म्हणाले की नियमाप्रमाणे भटकं कुत्रं लस देऊन त्याच्या मूळ जागीच सोडायचं असतं. सन्माननीय सदस्यांनी ज्याचा उल्लेख केला, त्यालाही आठ दिवसांत त्याच्या मूळ गावी पोहोचवण्यात येईल. आणि त्या गावांसाठी नसबंदी-लसीचं केंद्र काढण्याचा विचार करू.

माझ्या बाकाखाली तलाठी झोपला होता. मी पायाने त्याला हलवलं. "तुझी बदली झाली रे," मी म्हटलं. मला ती गंमतच वाटली होती.

सहाव्या दिवशी गाडी आली. एका संस्थेकडे तेव्हा कुत्री उचलायचं काम होतं, त्यांचा दौलत नावाचा माणूस जाळी घेऊन उतरला. जाळीची गरज पडली नाही. तलाठी शेपूट हलवत त्याच्याकडे चालत गेला. माणसांना भ्यायला मी त्याला कधी शिकवलंच नव्हतं.

"दौलत, तो इथलाच आहे. इथे जन्मलाय."

"कागदावर खडवली आहे, काका."

"कान बघ. खाच आहे. इथूनच नेऊन केलेली."

"खाच कुठली, ते खाचेवर लिहिलेलं नसतं. तेव्हाचं काम दुसऱ्यांकडे होतं, त्यांची वही आमच्याकडे नाही." मग तो जरा जवळ येऊन हळू म्हणाला, "आणि खडवली कुणी सांगितली? तुम्हीच ना? विधानसभेत आलंय, काका. आता माझ्यासारख्याने काय खोडायचं?"

गाडीचं दार लागलं. जाळीतून एक कान उभा दिसत होता आणि एक आडवा. मी काहीतरी बोलेन म्हणून तो वाट पाहत असणार. 

पुढचे दिवस मी सोसायटीत ज्याला त्याला खरं सांगत फिरलो. मला तो प्रकार नवीन होता. पंपाची खोली, कापसाची वात, दूध, सगळं सांगितलं. लोक हसून म्हणायचे, "काका, वात मस्त आहे, पण चाळीस कुत्र्यांची सर नाही." शेजारच्या विमलाबाईंनी तर खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "मधुभावोजी, ही थाप जरा रडकी झाली. आधीचीच बरी."

अधिवेशन संपून संचिताताई परत आल्या, तसा मी डोंबिवलीला त्यांच्या ऑफिसात गेलो. खिशात एक फोटो होता. माझ्या मोजणीच्या जुन्या कॅनव्हासच्या पिशवीत बसलेलं मूठभर पिल्लू, कपाळावर टिळा. सिद्धेशने मला पाहताच खुर्ची दिली. "या काका. मी तर नागपूरला सगळ्यांना सांगितलं, आमचे काका म्हणजे बॉस. पार्ट टू आणलाय का?"

"खरं सांगायला आलोय."

"हा हा. बोला."

मी सांगितलं. तो हसत होता. संचिताताई हसल्या नाहीत. त्यांनी फोटो हातात घेतला, चष्मा वर करून पाहिला, मग सिद्धेशला बाहेर जायला सांगून दार लावलं.

"म्हणजे चाळीस कुत्री नाहीतच?"

"एकही नाही."

"आणि मी ते सभागृहात बोलले."

मी खाली पाहिलं. सत्तरी उलटल्यावर कुणी रागावतही नाही, ही एक अडचणच असते. बाई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"काका, मला खुलासा करता येतो," त्या म्हणाल्या. "पुढच्या अधिवेशनात उभी राहीन आणि सांगेन की माझी माहिती चुकीची होती. दोन मिनिटांचं काम. समोरचे दोन वर्षं भुंकतील माझ्यावर, ते मी बघून घेईन. पण तीन अधिवेशनं मी त्या गावांचे आकडे मांडत होते. किती जणांना चावा, किती जणांना लस मिळाली नाही. कोणी मान वर केली नाही. तुमची रांग पुलावरून गेली आणि मंत्र्यांनी पेन काढलं. अकरा गावांसाठी केंद्राची फाईल निघाली आहे." त्यांनी पुन्हा फोटोकडे पाहिलं. "मी शब्द मागे घेतले की तीही मागे जाईल. कुत्रा तुमचा आहे. तुम्ही सांगा, उभी राहू?"

मला विनीतच्या मुलीची छत्री आठवली. कोरडी छत्री.

"नको," मी म्हटलं. "राहू दे तसंच."

"मग तुम्ही जाऊन गुपचूप घेऊन या त्याला. कोण मोजायला येतंय?"

"इतकी वर्षं मीच जायचो मोजायला."

तेव्हा कुठे त्या हसल्या. फोटो माझ्या हातात परत देताना म्हणाल्या, "माझं एक ऐका. खरं बोलायची सवय नसेल तर एकदम इतकं बोलू नये. त्रास होतो."

दुसऱ्या दिवशी दुपारच्या रिकाम्या गाडीने मी खडवलीला उतरलो. बिस्किटांचे दोन पुडे, एक दोरी आणि खिशात फोटो. दौलतने सांगितलं होतं की नदीच्या रस्त्याला सोडलंय. तो रस्ता माझ्या पायाखालचा होता. त्र्याऐंशी साली ते गाव मी मोजलं होतं. रस्त्याच्या वळणावर माझा हद्दीचा दगड अजून उभा होता, जरासा कललेला, माझ्यासारखाच. मी त्याला हात लावून पुढे गेलो.

नदीवर सुट्टीच्या दिवशी सहलीची माणसं येतात. त्या दिवशी कोणी नव्हतं. एका चिंचेखाली गोणपाट पसरून एक म्हातारी बसली होती, समोर बोरांचे आणि वालाच्या शेंगांचे वाटे लावून. गिऱ्हाईक नाही, माशी नाही. आणि तिच्या पायाशी तलाठी. गळ्यात लाल दोरा.

"तलाठी," मी हाक मारली.

तो उठला. आला. माझ्या गुडघ्यांत डोकं खुपसून इतका हलला की मला झाडाला धरावं लागलं. मग मी बिस्किट काढलं, ते त्याने घेतलं, आणि ते घेऊन तो गोणपाटावर जाऊन बसला.

"तुमी वलखता का याला?" म्हातारीने विचारलं.

"ओळखतो."

"बसा ना. ह्यो माजा हाय. राजा नाव त्याचा." तिने गोणपाटाचं एक टोक झटकून मला जागा केली. "मी शेवंती. चार वर्सांमागं गेलता ह्यो. माजा घरवाला आजारी पडला, त्याला कल्यानला दवाखान्यात नेला गाडीतून. ह्यो गाडीच्या मागं धावला. मोठा कुत्रा व्हता तवाच, वाघासारका. धावला तो धावलाच. टिटवाल्याला लोकांनी पाह्यला, शाडला पाह्यला. घरवाला काय परत आला नाय. ह्यो पन नाय."

चार वर्षांपूर्वी तलाठी जन्मलासुद्धा नव्हता. मी बोटं न मोजता ओळखलं. थाप होती, आणि वाईट नव्हती. शहाडला लोकांनी पाहिला, हे तर फारच छान होतं. साक्षीदार दूरचे ठेवावेत, हे मला शिकायला दहा वर्षं लागली होती.

"आन मागल्या म्हयन्यात काय सांगू तुमाला," शेवंती म्हणाली, "सरकारी गाडी आली. आत ह्यो एकटा बसलेला, सायबासारका. डायवरनं दार उघडला. म्हनाला, मावशी, इदानसबेत ठराव झालाय, कुत्रा तुमचा तुमाला द्यायचा. सगले आमदार उभं ऱ्हायले म्हनं."

आणि ती थांबली. बरोबर जिथे थांबायला हवं तिथे. शेंगांचा एक वाटा उगाच सारखा केला, आणि खालमानेने डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी ओळखलं. तांदूळ निवडणाऱ्या बायकोकडे मी छत्तीस वर्षं तसाच पाहत होतो.

माझ्या खिशात फोटो होता. तो काढून गोणपाटावर ठेवला असता तर काम संपलं होतं. दोरी बांधायची आणि तीन वाजून काही मिनिटांची गाडी धरायची. मागे झोपडीच्या दारात एकच ताट पालथं घातलेलं दिसत होतं, एकच पेला. आमच्या खात्यात मोजणीच्या वेळी शेजारच्या खातेदाराला उभं करतात आणि विचारतात, हरकत आहे का? त्याने काही म्हटलं नाही, की हद्द कायम होते.

तलाठी आमच्या दोघांच्या मध्ये झोपला होता. एक कान उभा, एक आडवा. कुणीतरी पुढे बोलावं म्हणून थांबलेला.

"मग?" मी म्हटलं.

शेवंतीचा चेहरा असा उजळला की मला दुसरीकडे बघावं लागलं. त्यानंतर ती दोन तास बोलली. राजाने नदीत बुडणाऱ्या कुणाला कसं वाचवलं, एकदा बिबट्याशी त्याची कशी बोलणी झाली आणि बिबट्या कसा माफी मागून गेला. मी दर थोड्या वेळाने "मग?" म्हणत होतो. एकदा तर वाटलं, आता माझी पाळी येईल, चाळीस कुत्र्यांची रांग काढावी. पण तिची भरती चालली होती. भरतीत साखळी टाकू नये.

ऊन उतरल्यावर मी उठलो. तिने बोरांचा वाटा माझ्या पिशवीत ओतला आणि म्हणाली, "परत या."

"चल," मी तलाठ्याला म्हटलं. हळूच. तिला ऐकू जाणार नाही इतकं हळू.

तो आला. माझ्या पायाला अंग घासत, अगदी ठाकुर्लीत यायचा तसा. दोरी माझ्या खिशात होती, ती मी बाहेर काढली नाही. वळणावरच्या दगडाशी पोहोचलो. त्याने दगड हुंगला, सावकाश, सगळ्या बाजूंनी. मग पाय वर करून त्यावर सही केली आणि परत फिरला. चिंचेखाली पोहोचेपर्यंत त्याने दोनदा मागे वळून पाहिलं. मी दोन्ही वेळा हात वर केला.

त्र्याऐंशी साली मीच पुरलेला दगड. हरकत कुणाकडे घेऊ?

ठाकुर्लीला आलो तेव्हा विनीत गेटवर उभा होता. त्याची मुलगी सायकल फिरवत होती. बाकाखालची जागा सफाईवालीने धुऊन काढली होती, तिथे ओल होती. मी बाकावर बसून एक बोर तोंडात टाकलं. आंबट होतं.

"काका, आज दिवसभर दिसला नाहीत," विनीत म्हणाला. "खडवलीला गेलेलात का? कुत्रा भेटला?"

"भेटला. तो तिथलाच आहे. त्याची माणसं आहेत तिथे."

माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात छोटी थाप. विनीतने लगेच मान हलवली. "बरं झालं मग. सुटलात तुम्ही," असं म्हणून तो मुलीच्या सायकलमागे गेला.

मी थोडा वेळ वाट पाहिली. पुढचं कुणी विचारलं नाही.